क्रेडिट पुढे गेले, शिष्यवृत्ती मागे राहिली

जुलै महिन्यात कार्यालयाच्या खिडकीसमोरून जाताना मी शक्यतो मान खाली घालून चालते. रांगेतला एखादा पालक “मॅडम, एवढं जरा बघता का” म्हणाला की माझा पुढचा तास गेलाच. मी वाणिज्य शिकवते. प्रवेशाशी किंवा शिष्यवृत्तीशी माझा कागदोपत्री काही संबंध नाही. पण गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं माणूस दिसलं की लोकांना वाटतं, यांना सगळं ठाऊक असणार.

मागच्या एका जुलैत अशीच हाक आली. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेले वडील, हातात प्लास्टिकची फाईल, मागे मुलगी. मुलीनं गावाकडच्या कॉलेजात बीसीएचं पहिलं वर्ष केलेलं. एकही विषय मागे नाही. दरम्यान वडिलांना आमच्या शहरात सोसायटीवर वॉचमनचं काम लागलं, बिऱ्हाड इकडे हललं, आणि मुलीनंही इथेच दुसऱ्या वर्षाला यावं असं घरात ठरलं. यात जगावेगळं काही नव्हतं. बापाची नोकरी बदलली की पोरांची शाळा बदलते, तसंच कॉलेज बदलायचं.

मार्कांचं काम फारसं अडलं नाही. क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, तिच्या डिजिटल खात्यात जमा होते, विषय बरेचसे जुळत होते, पात्रतेची कागदपत्रं थोडी धावपळ करून मिळाली असती. घोडं अडलं ते फीपाशी. ओबीसी प्रवर्गातली, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या कितीतरी आत. त्यामुळे जुन्या कॉलेजात तिला शिक्षण शुल्क भरावं लागलं नव्हतं. इथे खिडकीतून उत्तर आलं, “हिचा प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, कुठाय? नूतनीकरण म्हणावं तर कॉलेज वेगळं. नवीन अर्ज म्हणावा तर पहिलं वर्ष नाही. पोर्टलवर हिला बसवायचं कुठं?” हे लेखी द्या म्हटलं तर लेखी द्यायला कुणी तयार नव्हतं. होईल असंही कुणी म्हणेना, होणार नाही असंही म्हणेना.

वडील शांतपणे म्हणाले, “पोरगी तीच, कोर्स तोच, आमची कमाई तीच. मग बदललं काय?”

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. नंतर शोधत बसले, तेव्हा ध्यानात आलं की आपल्याकडे शिष्यवृत्ती नावाला विद्यार्थ्याची असते, प्रत्यक्षात ती प्रवेशाची असते. एका विशिष्ट कॉलेजातल्या, विशिष्ट फेरीतून मिळालेल्या, विशिष्ट जागेची. मुलगा त्या जागेवरून उठला की शिष्यवृत्ती खुर्चीतच बसून राहते.

गंमत अशी, की नवं शैक्षणिक धोरण नेमकं उलटं सांगतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं हवं तेव्हा बाहेर पडा, हवं तेव्हा परत या, एका संस्थेतून दुसरीत जा, अशी मुभा जाहीर केली. २०२१ च्या जुलैत विद्यापीठ अनुदान आयोगाची क्रेडिट बँकेची नियमावली आली. एका वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेले क्रेडिट कमाल ७ वर्षं शाबूत. पदवी जी संस्था देणार तिथले निदान निम्मे क्रेडिट हवेत, बाकीचे दुसरीकडचे चालतील. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून हे धोरण स्वीकारलं. आमच्याकडे त्यावर कार्यशाळा झाल्या, चहा-पोहे झाले, मुलांचे आयडी काढून झाले. त्या सगळ्या कार्यशाळांत एकानंही विचारलं नाही की क्रेडिट फिरणार ते ठीक, फी-सवलत फिरणार का?

आता राज्याच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेच्या अटी वाचा. हिलाच गावोगाव अजून ‘ईबीसी’ म्हणतात. यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झालेल्या सवलतीचं ते नाव दोन-तीन पिढ्या जिभेवर टिकलं आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क शासन भरतं. चांगली योजना आहे, हजारो घरं तिच्यावर उभी राहिली आहेत. पण अटींमध्ये प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा आणि शिक्षणात २ वर्षं किंवा त्याहून जास्त खंड नको. म्हणजे एकीकडे धोरण म्हणतं, पोरी, घरची अडचण आहे ना, एक वर्ष शिकून थांब, तुझे क्रेडिट ७ वर्षं जपून ठेवतो. तिसऱ्या वर्षी ती पोरगी परत आली की सवलतीचा नियम म्हणतो, एवढा उशीर का केलास? अडचण पैशाची होती म्हणून जी थांबली, तिलाच परतताना पूर्ण फी. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत त्याला ७ वर्षांची मुदत खरी, तिच्यासाठी २ वर्षांची.

२०२४ च्या जुलैत शासनानं मुलींसाठी मोठा निर्णय घेतला. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्म्याऐवजी संपूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. वर्षाला ९०६ कोटींचा भार. त्याच वर्षापासून बीसीए, बीबीएसारखे अभ्यासक्रमही प्रवेश परीक्षा आणि केंद्रीय फेऱ्यांच्या कक्षेत आले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य. पण माफीची गाठ केंद्रीय फेरीशी मारलेली, आणि बीसीएसारख्या अभ्यासक्रमांची केंद्रीय फेरी असते पहिल्या वर्षाला. दुसऱ्या वर्षाला बदली होऊन येणारी मुलगी कोणत्या फेरीतून येणार? ती पहिल्या वर्षी फेरीतून आलीच होती की! पण ते तिकडच्या कॉलेजच्या दप्तरात.

अनुसूचित जातींसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, ऑफिसच्या भाषेत ‘जीओआय’, हिची कथा आणखी जुनी आहे. १९४४ पासूनची ही योजना. तिच्या मार्गदर्शक सूचनांत वर्षानुवर्षं छापलं जात आलेलं एक कलम असं: राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विद्यार्थ्यानं विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, दिलेली रक्कम वसूलही केली जाऊ शकते, आणि अशी प्रकरणं संस्थाप्रमुखानं कळवायची. वर्षाच्या मध्ये शिक्षण सोडलं तरी रक्कम परत मागण्याचा अधिकार शासनाला. भाषा बघा. कॉलेज बदलणं हा जणू गुन्हा, प्राचार्यांनी त्याची वर्दी द्यायची. या तरतुदीमागची शंका मला कळते. पोरं नावं घालून पैसे उचलतील, दोन ठिकाणी लाभ घेतील. तेव्हा आधार नव्हता, पोर्टल नव्हतं, एका कॉलेजच्या रजिस्टरमधलं दुसऱ्याला दिसत नव्हतं. आता आधार जोडलेल्या खात्यात केंद्राचा ६० टक्के वाटा थेट जमा होतो. कोण कुठे शिकतोय हे यंत्रणेला विद्यार्थ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण संशय जुनाच राहिला.

या विषयावर लिहिताना मला सारखे बाबासाहेब आठवतात. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही. आजच्या भाषेत सांगायचं तर विद्यापीठ बदललेला विद्यार्थी. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. लंडनच्या विद्यापीठानं काय केलं? चार वर्षांत कधीही परत येऊन पुढे शिकता येईल अशी मुभा दिली. म्हणजे क्रेडिट बँकच म्हणायची! पैशाची मुभा मात्र कुणी दिलेली नव्हती. करारानुसार बडोद्यात नोकरी, तिथली अवहेलना, मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढं सगळं जुळून यायला १९२० उजाडलं. पुढे १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिच्यात एक हिशेबाची बाजूही आहे: अभ्यासाची मुदत चार वर्षं आणि पैशाची मुदत शून्य, एवढ्या फरकात एका असामान्य माणसाची तीन वर्षं गेली. सामान्य माणसाचं तर शिक्षणच जातं.

शासनाबद्दल एवढं बोलून झाल्यावर कॉलेजांनाही सोडायला नको. मी त्याच पंगतीतली आहे, म्हणून जरा आतलं सांगते. विद्यार्थी जातो म्हटलं की काही ठिकाणी पहिली प्रतिक्रिया असते मूळ कागदपत्रं दाबून धरायची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. “उरलेल्या वर्षांची फी भरा आणि घेऊन जा.” हे बेकायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये स्पष्ट बजावलं की मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. तरी ‘पडताळणीसाठी’ म्हणून ती कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या माणसाकडे असते.

उरलेल्या वर्षांची फी मागण्याला संस्थाचालक एक आधार सांगतात. इस्लामिक अकॅडमी खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की संस्थेनं एका वेळी एका वर्षाची किंवा सत्राचीच फी घ्यावी. मात्र एखादा विद्यार्थी मध्येच सोडून जाईल असं वाटलं, तर फार तर त्याच्याकडून उरलेल्या फीचा बाँड किंवा बँक हमी घ्यावी. यातलं पहिलं वाक्य सोयीनं विसरलं जातं आणि दुसरं भिंतीवर लागतं. शिवाय रिकामी जागा कायम रिकामी राहते, हा युक्तिवाद निदान अभियांत्रिकीत तरी अर्धाच खरा आहे. तिथे पहिल्या वर्षी मोकळ्या राहिलेल्या जागा दुसऱ्या वर्षी पदविकाधारक भरतात.

फी परतीचे नियमही पाहा. २०१८ च्या त्याच सूचनेत प्रवेशाच्या अंतिम तारखेआधी १५ दिवस सोडलं तर किरकोळ कपात करून सगळी फी परत, त्यानंतर ९० टक्के, ८०, ५० अशी उतरंड, आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही नाही. २०२४-२५ साठी आयोगानं ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत कमाल १००० रुपयांची कपात असं आणखी उदार केलं. उत्तम. पण हे सगळे नियम ओळखतात ते प्रवेशाच्या धामधुमीत इकडून तिकडे उडी मारणाऱ्या मुलाला. दिवाळीनंतर वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी परतणारी मुलगी यात कुठेच नाही. तिची पूर्ण वर्षाची फी गेली, आणि पुढच्या कॉलेजात ती पुन्हा पहिल्यापासून.

पालकांशी बोलताना मला आणखी एक गोष्ट जाणवते. आपण खर्च म्हणजे फी एवढाच धरतो. एक हिशेब मांडून दाखवते; आकडे कल्पनेतले आहेत, रीत खरी आहे. समजा जुन्या कॉलेजची वर्षाची फी ६०,००० आणि नव्याची ५०,०००. दोन वर्षं उरली आहेत, म्हणजे २०,००० वाचले, असं घरात ठरतं. पण जुन्या ठिकाणी निम्मी फी शासन भरत होतं, तेव्हा तिथले उरलेले पैसे होते ६०,०००. नव्या ठिकाणी सवलत अडकली तर १,००,०००. वर दोन विषय जुळले नाहीत म्हणून एक सहामाही वाढली: तिची फी २५,००० आणि तेवढ्या काळाची खोली-मेस महिना ८,००० धरून ४८,०००. बेरीज १,७३,०००. माहितीपत्रकावर २०,००० नी स्वस्त असलेलं कॉलेज १,१३,००० नी महाग पडलं. स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता शुल्क, अनामत रक्कम, वसतिगृहाचा डिपॉझिट हे मी धरलेलंच नाही. आणि नोकरी सहा महिने उशिरा लागली, तिचं काय, ते विचारायला नको.

कर्ज काढू म्हणाल तर तिथेही हीच गाठ. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत, म्हणजे साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठीच्या, अभ्यासक्रम मध्येच सोडला तर अनुदान बंद; अपवाद वैद्यकीय कारणाचा. सोडणं आणि बदलणं यातला फरक बँकेच्या शाखेत बसलेल्या अधिकाऱ्यानं करायचा. त्याच्यापुढे असते एक चौकट: कोर्स पूर्ण, कोर्स अपूर्ण.

आता कुणी म्हणेल, हे अवघडच आहे, यंत्रणेला जमणार कसं? जमतं. आपल्याच राज्यात, आपल्याच यंत्रणेला, वर्षानुवर्षं जमत आलेलं आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आणि मग थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकी, हा रस्ता काय आहे? एका संस्थेतून दुसरीत, एका मंडळाकडून विद्यापीठाकडे, पहिलं वर्ष पूर्ण माफ करून घेतलेली बदलीच की. आमच्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांची पोरं याच वाटेनं इंजिनीअर झाली. दहावीनंतर एकूण वर्षं सहाच, अकरावी-बारावी करून गेलेल्याइतकीच. त्यातली पहिली तीन शासकीय तंत्रनिकेतनात काढली तर खर्चही कमी होतो. आणि इथे शिष्यवृत्ती अडत नाही, कारण राज्यानं या बदलीला राजमार्ग मानलं. किती शिक्षण धरायचं ते आधी ठरलेलं. दुसऱ्या वर्षासाठी स्वतंत्र केंद्रीय फेरी. त्या फेरीतून आला की तो सवलतीला पात्र. गणिताचा थोडा घोळ होतो, पदविकेची पोरं पहिल्या सत्रात गटांगळ्या खातात, पण ते गणिताचं झालं, पैशाचं नाही. ज्या बदलीला आपण नियमात जागा दिली तिथे पैसा बरोबर चालत जातो. जिला दिली नाही ती बदली संशयित ठरते.

अमेरिकेत या प्रश्नाचं चित्र बरोब्बर उलटं आहे, म्हणून ते पाहण्यासारखं आहे. तिथे दोन वर्षं स्वस्त कम्युनिटी कॉलेजात काढून मग चार वर्षांच्या विद्यापीठात जाणं ही गरीब आणि मध्यमवर्गीय मुलांची रुळलेली वाट. संघ सरकारचं पेल अनुदान, २०२४-२५ मध्ये वर्षाला कमाल ७,३९५ डॉलर, हे विद्यार्थ्याच्या नावावर असतं. आयुष्यात पूर्णवेळ १२ सत्रांइतकं मिळतं. किती वापरलं, किती उरलं, याची नोंद त्याच्या खात्यावर राहते. कॉलेज बदललं की त्यानं एकाच अर्जात, ज्याला ते फाफसा म्हणतात, नव्या कॉलेजचा क्रमांक घालायचा. शिल्लक त्याच्या मागोमाग येते. कॉलेजनं स्वतःच्या खिशातून दिलेली सवलत येत नाही, आणि तिथले पालक तिथेच फसतात. पण सरकारी पैसा येतो. येत नाहीत ते क्रेडिट! २०१७ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं अंदाज दिला की बदली घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. मग तेच विषय पुन्हा, त्यासाठी पुन्हा पैसे, आणि १२ सत्रांची शिल्लक पदवीच्या आधीच आटलेली. त्यांनी पैशाला पाय दिले आणि अभ्यासाला बेड्या ठेवल्या. आपण नेमकं उलटं करायला निघालो आहोत. दोघांचंही अर्धं काम बाकी आहे, फरक एवढाच की आपल्याला त्यांची चूक आधी दिसते आहे.

मला जे हवं आहे ते फार नाही. क्रेडिट बँकेचं जे खातं विद्यार्थ्याच्या नावावर आहे, त्यातच फी-सवलतीच्या हक्काची शिल्लक दिसावी. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला सहा सत्रं. दोन वापरली, चार उरली. पहिल्या वर्षी केंद्रीय फेरीतून आला हे एकदा नोंदलं की पुन्हा विचारायचं नाही. नव्या कॉलेजची फी जास्त असेल तर शासनानं जुन्या आणि नव्या फीपैकी जी कमी तिच्यावरच सवलत द्यावी. तिजोरीवर एक रुपया जास्त पडत नाही. खंडाची अट क्रेडिटच्या मुदतीइतकीच, ७ वर्षांची करावी. कारण दोन्ही नियम एकाच मुलासाठी आहेत. जीओआयमधली पूर्वपरवानगी काढून तिच्या जागी साधी नोंद ठेवावी. आणि दुसऱ्या वर्षाला बदली होऊन येणाऱ्याला कॉलेजनं प्रवेशाआधी एक कागद सही-शिक्क्यानिशी द्यावा: तुझे किती क्रेडिट धरले, किती सत्रं उरली, फी किती, सवलत लागू आहे की नाही, एकूण पदवीपर्यंत तुझ्या खिशातून किती जाणार. हा शेवटचा कागद देण्यासाठी शासन निर्णयाचीही वाट पाहायला नको. आमच्या कॉलेजला मी हे सुचवलं होतं. “मॅडम, असं लिहून दिलं तर आपण बांधले जाऊ,” असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, त्याचसाठी सांगतेय.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला माझ्याच एका जुन्या सहकाऱ्यानं ऐकवला. ते तालुक्याच्या गावी प्राचार्य आहेत. “तुम्ही शहरातल्या लोकांनी पैसे मोकळे केले की आमची पोरं दुसऱ्या वर्षाला पुण्याला पळतील. आमचे वर्ग ओस पडतील, शिक्षक अतिरिक्त ठरतील. मग ज्या पोरीला बाप बाहेर पाठवतच नाही, तिनं शिकायचं कुठं?” ही भीती पोकळ नाही. तालुक्याचं कॉलेज मोडलं तर पहिलं नुकसान मुलींचं होतं, हे मी माझ्या माहेरी पाहिलं आहे. पण या भीतीपायी आपण जे करतोय त्याचा दुसरा परिणाम ते पाहत नाहीत. आज पुण्यात येऊन खोलीभाड्यानं आणि मेसच्या बिलानं मेटाकुटीला आलेलं पोरगंही परत फिरू शकत नाही, कारण गावाकडच्या कॉलेजात त्याची सवलत चालणार की नाही हे कुणी सांगत नाही. तो ना पुण्यात टिकतो ना गावी जातो, फॉर्म भरत नाही, आणि वर्षअखेर गळतीच्या रकान्यात एक आकडा वाढतो. पैसा दोन्ही दिशांनी मोकळा झाला तर तालुक्याच्या कॉलेजला अशी मुलं परत मिळतील. माझे प्राचार्य मित्र हे ऐकून गप्प झाले. पटलं असं मात्र म्हणाले नाहीत.

गैरवापर होईल, हा आक्षेप मला तितकासा जड वाटत नाही. होईल थोडा. केंद्रीय फेरीत स्वस्त कॉलेज घ्यायचं आणि दुसऱ्या वर्षी नामांकित कॉलेजात शिरायचं, असा खेळ काही हुशार पालक खेळतील. पण दुसऱ्या वर्षाच्या मोकळ्या जागा गुणवत्तेनं आणि जाहीर यादी लावून भरल्या तर तो खेळही नियमातच होईल. मागच्या दारानं आजही बदल्या होतात, फक्त त्या होतात ज्यांना पूर्ण फी परवडते त्यांच्याच. त्यांना फेरी, खंड, पूर्वपरवानगी यातलं काहीच आडवं येत नाही, कारण ते शासनाकडे काही मागायलाच जात नाहीत.

त्या मुलीच्या वडिलांनी शेवटी माझ्या टेबलावर पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. इकडे आणलं तर दोन वर्षांची फी. तिकडेच ठेवलं तर फी नाही, पण राहायचं कुठे? आत्याचं घर कॉलेजपासून अकरा किलोमीटर. जेवणाचे महिन्याला काही द्यावे लागतील, एसटीचा पास वेगळा. दोनदा बेरीज केली, तिकडचा आकडा लहान आला. मुलगी काही बोलली नाही. तिनं पाठीवरची सॅक नीट केली आणि फाईलमधले कागद पुन्हा त्याच क्रमानं लावून ठेवले.

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. आत्याकडेच राहते. महिन्यातून एकदा शनिवारी रात्रीच्या गाडीनं आईबापांकडे येते आणि रविवारी संध्याकाळी परत जाते.